मशीनवरची चादर काढू द्या

प्रति,
नगरविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील सर्व महानगरपालिकांचे आयुक्त आणि नगरपालिका-नगरपंचायतींचे मुख्याधिकारी

विषय : घरातून चालणाऱ्या छोट्या उद्योगांची नोंदणी आणि परवाने

सप्रेम नमस्कार.

आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीखाली माझं शिलाई मशीन आहे आणि त्याला लागून कापडाच्या कडा बांधणारं इंटरलॉकचं. अकरा वर्षं झाली, मी घरातच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. लग्नसराईत आठवड्याला पंधरा-वीस अस्तराचे ब्लाउज हातावेगळे होतात, पावसाळ्यात काम मंदावतं, गणपतीच्या आधी पुन्हा वाढतं. आमची इमारत जुनी आहे. विजेचा मीटर दाराच्या आत, चपलांच्या कपाटावर. पहिली सात वर्षं रीडिंग घ्यायला माणूस आला की मी आधी मशीनवर चादर टाकायचे आणि मग कडी काढायचे. मुलगी तेव्हा लहान होती. बेल वाजली की तीच ओरडायची, "आई, चादर!"

असं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. इमारतीत बोलणं कानावर आलं होतं की घरात मशीन दिसलं तर मीटर कमर्शियल करतात, मग पाठोपाठ घरपट्टी वाढते, मग नोटीस येते. एवढं पुरेसं होतं. चार वर्षांपूर्वी माझ्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या एका बाईंनी मला वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशातलं एक वाक्य मोबाइलवर दाखवलं. त्या एका वकिलांकडे टायपिंगचं काम करतात. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत असेल, तर त्याला घरगुतीच दर लागतो, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. माझं बिल दीडशे युनिटच्या पुढे कधी गेलेलं नाही. सात वर्षं मी ज्या गोष्टीच्या धास्तीने चादर टाकत होते, ती गोष्ट नियमात माझ्याच बाजूने लिहिलेली होती.

त्या दिवशी मला आनंद झाला नाही, राग आला. सात वर्षांत हे वाक्य माझ्यापर्यंत कुणी का पोचवलं नाही? बिल दर महिन्याला येतं, त्याच्या मागच्या बाजूला कितीतरी सूचना छापलेल्या असतात. तिथे ही एक ओळ मावली असती.

हे पत्र त्या रागातून आलं आहे, पण तक्रारीपुरतं नाही. त्यानंतरच्या चार वर्षांत मी माझे आणि ओळखीतल्या अनेक बायकांचे, दोन-चार पुरुषांचेही कागद स्वतः हाताळले. चकली-भाजणी करणारी शेजारीण, घरी शिकवण्या घेणाऱ्या निवृत्त शिक्षिका, मिक्सर-पंखे दुरुस्त करणारे एक गृहस्थ, दिवाळीपुरते कंदील करणारं कुटुंब. त्यातून मला जे कळलं ते असं : बहुतेक ठिकाणी कायदा आम्हाला काम करू देतो. अडचण ही की तो कुठल्या नियमात, कुठल्या खात्याच्या, कुठल्या अटीवर करू देतो, हे आम्हाला लेखी सांगणं कुणाचंच काम नाही. म्हणून जो उद्योग नियमात बसतो तोही चोरून करावा लागतो.

मुळात घरातला धंदा ही महाराष्ट्रात आजची गोष्ट नाही. येवल्यात पैठणीचा माग घरातच असतो. माणसं त्याच खोलीत राहतात. कोल्हापुरी चपलेचं बरंच काम घरातल्या ओट्यावर होतं, त्यातली वेणी आणि शिवण बायका करतात. सोलापुरात बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्या घरी विड्या वळत आल्या. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, त्याचा पुढे लिज्जत झाला आणि आजही तिथल्या बहिणी पीठ घरी नेऊन पापड लाटून आणतात. राहायची जागा आणि कामाची जागा यांच्यामध्ये रेघ ओढली ती नगररचनेच्या नकाशांनी, आणि ती ओढतानाही त्यांना हे ठाऊक होतं. म्हणूनच निवासी विभागात काय चालेल, याच्या यादीत परंपरागत गृहोद्योग हा शब्द आहे. शिवणकाम, भरतकाम यांची नावं तिथे लिहिलेली आहेत. राज्याच्या मोठ्या भागासाठी 2020 च्या डिसेंबरात आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही ती आहेत.

म्हणजे माझं मशीन नियमावलीत आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

पण त्या परवानगीला अटी आहेत, आणि खरी गाठ त्या अटींत आहे. त्या अटी कुणी वाईट हेतूने घातल्या असं मी म्हणत नाही. फक्त त्या घालताना आमच्यासारख्या घरात कुणी येऊन पाहिलं असावं, असं वाटत नाही.

पहिली अट यंत्राची. वीज वापरणारं यंत्र असेल तर एकूण भार 0.75 किलोवॉट, म्हणजे एक अश्वशक्तीपर्यंत. माझी दोन्ही मशीनं मिळून याच्या निम्म्यावरही जात नाहीत, त्यामुळे मी सुटले. चकली-भाजणीवाल्या शेजारणीकडे मात्र घरघंटी आहे, आणि बाजारात मिळणारी साधी घरघंटी एक अश्वशक्तीचीच असते. तिच्या जोडीला मिक्सर लावला की मर्यादा ओलांडली. तोच मिक्सर तिने घरच्यांसाठी चटणी वाटायला लावला तर काहीच बिघडत नाही. केक करणारी एक मुलगी विचारत होती की ओव्हन यात धरायचा का, कारण ओव्हन काही फिरत नाही, तो नुसता तापतो. या प्रश्नाचं उत्तर तिला एका खिडकीवर 'हो' मिळालं आणि शेजारच्या खिडकीवर 'नाही'. दोन्ही तोंडी.

दुसरी अट मजुराची, आणि मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते हिच्याबद्दल. गृहोद्योग घरातल्या माणसांनीच करायचा, पगारी माणूस ठेवायचा नाही. एका ब्लाउजचं काम कसं चालतं ते सांगते. माप घेणं, कापणं, शिवणं माझं. हूक लावणं, गळ्याला आणि बाहीला हातशिलाई, लटकन बांधणं हे मी समोरच्या इमारतीतल्या एका बाईंना देते. त्या दुपारी पिशवी घेऊन येतात, दहा ब्लाउज घेऊन जातात, संध्याकाळी आणून देतात, नगावर पैसे घेऊन जातात. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. कुठल्याही दुकानात जाऊन आठ तास बसणं त्यांना शक्य नाही. हे काम त्यांना जमतं ते घरात होतं म्हणूनच. आता त्या माझ्या मजूर झाल्या का? त्या त्यांच्या घरी बसून करतात, मग नियम माझ्या घराला लागू की त्यांच्या? त्या माझ्या खोलीत खिडकीपाशी बसून हूक लावायला लागल्या की मी नियम मोडला आणि उंबऱ्याबाहेर पिशवी गेली की पाळला, असं आहे का? मी तीन वेळा विचारलं आहे. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी हो म्हणालं नाही, आणि लिहून तर कुणीच दिलं नाही.

या अटीचा परिणाम असा होतो की घरगुती उद्योग जरा वाढला, त्यातून शेजारच्या बाईलाही चार पैसे मिळायला लागले, की नेमक्या त्याच क्षणी तो बेकायदा होतो. एकटीने केला तर चालतो. मोठा गाळा घेऊन दहा माणसं ठेवली तरी चालतो. मधल्या पायरीवर पाय ठेवायलाच जागा नाही, आणि गाळ्याचं डिपॉझिट भरायची ऐपत येईपर्यंतची सगळी वर्षं याच पायरीवर जातात. राज्याच्या श्रम कायद्याने ही पायरी ओळखली आहे. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने, म्हणजे आपल्या शॉप ॲक्टने, दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीच्या भानगडीतून सोडवलं. धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची, पोच घ्यायची, झालं. एक खातं म्हणतं, थोडी माणसं असतील तर नुसतं कळवा. दुसरं म्हणतं, एकही नको. दोन्ही खाती एकाच सरकारची.

तिसरी अट पाटीची. मुंबईच्या 1991 च्या नियमावलीपासून गृहोद्योगाची जी व्याख्या आहे तिच्यात म्हटलं आहे की आत उद्योग चालतो असं बाहेरून दिसता कामा नये. शेजाऱ्यांचा विचार करता ही अट मला समजते. पण शॉप ॲक्टची सूचना ऑनलाइन भरायला बसलं की आस्थापनेचा मराठी पाटीसह फोटो मागतात, आणि मराठी पाटीची सक्ती 2022 पासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांनाही आहे. मराठी पाटीला माझा विरोध कसा असेल, मला तर ती हवीच आहे. शेजारणीचा अर्ज भरताना आम्ही दीड फुटाची पाटी करून आणली, तिच्या नावासह, खाली 'भाजणी, चकली, शेव, मसाले'. दाराला चिकटपट्टीने लावली, फोटो काढला, आणि सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढताना दिसले तशी तिने ती घाईघाईने उपटून काढली. दाराचा रंग पापुद्र्यासारखा निघून आला. ती पाटी हातात धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं. वीस वर्षं इमानाने काम केलेल्या बाईने स्वतःच्या नावाची पाटी अशी लपवायची?

पाटीवर तिचं नाव होतं, महोदय. आयुष्यात पहिल्यांदा.

कागदांची साखळीही थोडक्यात सांगते, कारण ती तुम्हाला माहीत असणार. सोसायटी म्हणते, आधी महापालिकेची परवानगी आणा, मग ना हरकत देऊ. वॉर्डातली खिडकी म्हणते, आधी सोसायटीची ना हरकत आणा. बँक चालू खात्यासाठी शॉप ॲक्टची पोच आणि वर आणखी एक पुरावा मागते. माझ्या एका मैत्रिणीला तर उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून केंद्र सरकारकडे नाव नोंदवण्यासाठी, एका दुकानात 1,200 रुपये मोजावे लागले. ती नोंदणी 1 जुलै 2020 पासून पूर्ण मोफत आहे, कागद जोडावे लागत नाहीत, आधार क्रमांकावर घरबसल्या होते. सरकारी वाटाव्यात अशा खासगी वेबसाइटवर पैसे भरून बसलेल्याही दोघी मला भेटल्या. वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर 'उद्यम नोंदणी मोफत आहे' एवढा एक कागद चिकटवला असता तर त्यांचे पैसे वाचले असते.

खुद्द महापालिकेचं काय? 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात 376 कलमाखाली ठरावीक व्यवसायांना आणि ठरावीक वस्तूंच्या साठ्याला परवाना लागतो. ते योग्यच आहे, पेट घेणारं किंवा घाण करणारं काही वस्तीत नको. पण शिवणकाम त्यात येतं का, शिकवणी येते का, किती किलो तेलापर्यंत साठा नाही धरायचा, हे सामान्य माणसाने वाचावं अशा मराठीत मला कुठे मिळालं नाही. जे मिळालं ते कलमांच्या भाषेत. निवृत्त बाईंना तर शिकवण्यांवरून 'वापरात बदल' म्हणून बिगरनिवासी घरपट्टी लागेल असं तोंडी सांगून गेले. संध्याकाळी दोन तास सहा मुलं सतरंजीवर बसतात, त्याच सतरंजीवर रात्री त्यांचे यजमान झोपतात. त्यांनी शिकवण्या बंद केल्या. नोटीस आली नव्हती, फक्त धास्ती आली होती. ती मुलं आता कुठे जातात, मला ठाऊक नाही.

एक उदाहरण मात्र चांगलंही आहे, आणि ते तुमच्याच शेजारच्या खात्याचं. खाद्यपदार्थांच्या छोट्या उत्पादकांसाठी अन्न सुरक्षेचे 2011 चे नियम आहेत. शेजारणीने नोंदणी केली तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी साधी नोंदणी होती, शुल्क वर्षाला 100 रुपये. त्यातली एक तरतूद मला फार आवडते. अर्ज आल्यावर अधिकाऱ्याने 7 दिवसांत नोंदणी द्यायची, किंवा कारण लिहून नाकारायची, किंवा तपासणीची नोटीस काढायची. तपासणी निघाली तर 30 दिवसांत निर्णय. या मुदतीत काहीच झालं नाही तर अर्जदाराने धंदा सुरू करायला हरकत नाही. पुढे सुधारणा सुचवल्या तर त्या पाळायच्या. म्हणजे कार्यालयाच्या विलंबाचा भुर्दंड अर्जदाराच्या चुलीवर पडत नाही. शेजारणीचं घर बघायला आलेल्या बाईंनी ओट्याची फरशी पाहिली, पाण्याची टाकी उघडून पाहिली, तेलाचे डबे जमिनीवरून उचलून फळीवर ठेवायला सांगितले, केसांना टोपी लावा म्हणाल्या. शेजारीण त्या दिवशी खूश होती. कुणीतरी तिच्या कामाकडे काम म्हणून पाहिलं होतं. आज तिच्या पाकिटावर चौदा आकडी क्रमांक छापलेला असतो आणि गिऱ्हाईक तो बघून विश्वासाने घेतं.

असं असेल तर तपासणीला आम्ही भीत नाही, हे कृपया लक्षात घ्या. काही बाबतीत तर मी म्हणेन, आत्ता आहात त्यापेक्षा कडक व्हा.

गॅसचंच बघा. घरगुती लाल सिलिंडर धंद्यासाठी वापरायला बंदी आहे, धंद्याचा 19 किलोचा वेगळा घ्यावा लागतो. नियम बरोबर आहे. शेजारणीने तो मागितला तेव्हा तिला दुकानाच्या जागेचा कागद आणा म्हणून सांगितलं. दुकान नाही, म्हणून कागद नाही, म्हणून सिलिंडर नाही. मग दिवाळीच्या महिन्यात काय होतं ते तुम्हालाही कळतं : इकडून तिकडून मागून आणलेला दुसरा लाल सिलिंडर, ओट्याखाली एक आणि बाल्कनीत एक, आणि तिसऱ्या मजल्यावर उकळत्या तेलाची कढई. तिथे अपघात झाला तर कागदावर चूक तिची असेल. तिला सरळ मार्गाने कनेक्शन मिळालं असतं, रबरी नळी कुणी तपासली असती, ओट्याजवळ अग्निशामक नळकांडं ठेवायची सक्ती केली असती, तर इमारतीतल्या सगळ्यांनाच शांत झोप लागली असती. उद्योग कागदावर नसला की त्याच्या सुरक्षेकडेही कुणाला बघता येत नाही.

शेजाऱ्यांचंही म्हणणं आहे आणि ते खोटं नाही. तळणीचा वास दिवसभर येतो. पार्सलवाली मुलं लिफ्ट अडवून ठेवतात. रात्री अकरानंतर इंटरलॉकचा आवाज खालच्या घरात घुमतो. मला एकदा खालच्या आजोबांनी येऊन सांगितलं, तेव्हापासून मी मशीनच्या पायाखाली रबर घातलं आणि साडेनऊला मशीन बंद करते. तेलकट पाणी नळीत गेलं की तळमजल्यावर तुंबतं. यावर नियम हवेतच : वेळ, आवाज, सांडपाणी, किती माणसं ये-जा करतील, जिन्यात माल ठेवायचा नाही. पण हे नियम त्रासाचे असावेत. त्रास नसताना केवळ घरात काम चालतं म्हणून बंदी नको. सोसायटीनेही ना हरकत नाकारायची तर त्रास काय होतो ते लिहून नाकारावी.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. सप्टेंबर 2023 मध्ये केंद्राची विश्वकर्मा योजना आली, तिच्यात 18 पारंपरिक व्यवसाय धरले आहेत आणि शिंपी त्यांपैकी एक. हत्यारांसाठी 15,000 रुपये, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत पाच टक्क्यांनी कर्ज. त्या अर्जाची पहिली पडताळणी गावात ग्रामपंचायत करते आणि शहरात तुमचीच स्थानिक संस्था. म्हणजे एका टेबलावर तुम्ही खात्री देता की ही बाई खरोखर शिवणकाम करते, तिला मदत द्या. आणि दुसऱ्या टेबलावर त्याच बाईला विचारलं जातं, राहत्या घरात शिवणकाम कसं काय करता? या दोन टेबलांमधलं अंतर एका जिन्याचं असेल. कुणीतरी ते चालून जावं, एवढीच विनंती.

मागणं फार नाही. राज्यातल्या प्रत्येक नगरपालिकेने आणि महापालिकेने एक पान छापावं, मराठीत, कलमांच्या भाषेत नव्हे. घरातून कोणते व्यवसाय परवान्याशिवाय चालतात, कोणत्यांना परवाना लागतो, कोणते अजिबात चालत नाहीत. किती भाराची यंत्रं, ओव्हन धरायचा की नाही. घरपट्टी कधी बदलते आणि कधी बदलत नाही. वीज, अन्न नोंदणी, उद्यम, शॉप ॲक्ट यांचं एका ओळीत काय. ते पान वॉर्डाच्या खिडकीशेजारी लावावं आणि खिडकीतल्या माणसालाही एक प्रत द्यावी, म्हणजे दोन खिडक्यांवर दोन उत्तरं मिळणार नाहीत.

त्याच्या जोडीला परवाना नको, पोच द्या. शॉप ॲक्टला जशी सूचना देऊन पोच मिळते तशीच गृहोद्योगाची सूचना आम्ही महापालिकेला देऊ : पत्ता, काम, यंत्रं, घरातली किती माणसं, बाहेरची किती. हरकत असेल तर ठरलेल्या दिवसांत लेखी कळवा. मुदत गेली तर पोच हाच पुरावा, आणि तो सोसायटीने, बँकेने, गॅसवाल्याने मानावा. ही सेवा 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित करा, म्हणजे मुदत पाळली नाही तर कुणाकडे अपील करायचं ते ठरलेलं असेल. घराच्या निम्म्याहून कमी जागेत काम चालत असेल तर घरपट्टी निवासीच राहील, हे लेखी असू द्या.

आणि मजुराची ती अट बदला. बाहेरची दोन माणसं तरी चालू द्या. त्यासाठी नियमावलीत दुरुस्ती करावी लागेल, हरकती-सूचना मागवाव्या लागतील, वेळ लागेल, हे मला कळतं. पण बाकीचं सगळं आजच्या नियमांत राहूनही एका परिपत्रकाने होण्यासारखं आहे. हूक लावणाऱ्या बाईंना माझ्या खिडकीपाशी, उजेडात बसून काम करता यावं. त्यांच्या घरी ट्यूबलाइटखाली काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. हल्ली त्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगितलं.

मी चादर काढली त्याला चार वर्षं झाली. आता रीडिंगवाला आला की मशीन चालूच असतं, तो आकडा टिपून घेतो आणि जातो. तेवढ्या एका ओळीने माझ्या घरातली भीती गेली. शेजारणीची पाटी मात्र अजून तिच्या कपाटावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे. शॉप ॲक्टने ती लावायला सांगितली आहे, विकास नियमावली लावू नका म्हणते. तिने काय करावं ते तुमच्यापैकी एका कार्यालयाने तिला लेखी कळवावं. पत्ता तिच्या अर्जावर आहे.

आपली,
घरात शिवणकाम करणारी एक नागरिक